पाचवं पाणी

आधी काटेवाल्या मामांविषयी सांगते. ते मागं ठेवलं तर वाचणाऱ्याला वाटेल की सातवीनंतर शाळा सुटलेली एक पोरगी आपल्या हुशारीवर एवढ्या लांब येऊन पोचली. तसं काही नाही. आज मी घरापासून तीन राज्यं लांब एका कारखान्यात कामाला आहे, काचेच्या खोलीत बसते, समोर मिलिग्रॅमचा काटा असतो. या खुर्चीवर मला मामांनी बसवलं. त्यांनी कुणाला फोन केला नाही की चिठ्ठी दिली नाही. ते साहेबांसमोर एक वाक्य बोलले. त्या वाक्यानं त्यांची जागा गेली आणि माझी राहिली.

मामा माझ्या नात्यातले नव्हते. सगळेच त्यांना मामा म्हणायचे, आणि त्यात अर्धा आदर असायचा, अर्धी टवाळी. एका सहकारी साखर कारखान्यावर त्यांनी सगळी नोकरी वजनकाट्यावर काढली होती. उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रका, सगळं त्यांच्या खिडकीपुढून जायचं. काट्यावर बसणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडं कुणी चांगलं बोलत नाही. ऊस घालणाऱ्याला कायम वाटतं की आपल्या गाडीतलं थोडं काट्यानं खाल्लं. मामांनी कुणाच्या उसाचं कांडकंही खाल्लं नव्हतं, पण तो शिक्का पुसायला काही उपाय नसतो.

मग दुष्काळ पडला. ऊसच नाही तर काटा काय तोलणार? सलग दोन हंगाम बॉयलर पेटला नाही. तेव्हा तिथल्या काही कामगारांनी मिळून एक संस्था काढली, धारूरच्या घाटाच्या पायथ्याला एक बंद पडलेलं सरकीचं गोदाम घेतलं आणि शहरातल्या एका कंपनीचं काम धरलं. कारखान्यात रस तपासणारे केमिस्ट होते, ते इथले साहेब झाले. क्रशरवर काम करणारा एकजण गिरणीवाला झाला. मामांना पुन्हा काटाच मिळाला. फरक इतकाच की पूर्वी ते टनात तोलायचे आणि आता अशा काट्यावर, ज्याच्यासमोर मोठ्यानं श्वास सोडला तरी आकडा हलायचा.

मी आले आष्टी तालुक्यातून, कडा गावाच्याही पलीकडच्या एका वस्तीहून. जिल्हा एकच, पण तीन एसट्या बदलाव्या लागायच्या आणि तिसरी कधीकधी यायचीच नाही. मावशी तेलगावला दिलेली होती, तिनं कळवलं की एका संस्थेला सातवी शिकलेल्या पोरी पाहिजेत, राहायला शेडच्या मागं खोली आहे. त्या वर्षी आमच्या विहिरीत तळाला उतरलेल्या माणसाचे पायसुद्धा ओले होत नव्हते. मला विसावं लागलं होतं आणि घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं. मुलगा ऊसतोडीच्या टोळीतला. टोळीत कोयता म्हणजे जोडी, नवरा आणि बायको मिळून एक कोयता. त्याची जोडी पुरी होत नव्हती म्हणून दसऱ्याच्या आत लग्न पाहिजे होतं. पाहुणे येऊन बसले तेव्हा त्यांनी मला स्वयंपाक येतो का विचारलं नाही. मोळी उचलती का, एवढंच विचारलं.

मी बापाच्या पाया पडले नाही, रडले नाही. मावशीचा निरोप पुढं केला. बाप म्हणाला, "काम हाय तवर थांबतो. काम सुटलं की मंग माझं ऐकायचं." मी हो म्हणाले. त्या एका होकारावर माझं सगळं टांगलेलं होतं. म्हणून शेडमध्ये कुणी मोठ्यानं बोललं तरी मला वाटायचं, सुटलं काम.

पावडर म्हणजे काय हे पहिल्या दिवशी गिरणीवाल्यानं सांगितलं. त्याला बोलायची हौस होती. म्हणाला, "पीठ न्हाई ही, लाट खाणारी भुकटी हाय. रडारची लाट, टॉवरची लाट, ह्या भुकटीत शिरली की बाहेर यायची वाटच इसरती." मला वाटलं थट्टा करतोय. नंतर साहेबांनीही तेच सांगितलं, फक्त सरळ भाषेत. लोखंड, सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम वितळवून केलेल्या मिश्रधातूची ही पावडर. कंपनीकडून येताना कण गोल असायचे, रव्यासारखे, पण रव्याहून कितीतरी बारीक. गिरणीत पोलादी गोळ्या आणि स्पिरिट घालून त्यांना दिवसभर फिरवलं की कण चेपून चपटे व्हायचे. भाताचे पोहे होतात ना, तसे. चपट्या कणात लाट जास्त चांगली अडकते. अडकलेली लाट जाते कुठं? तिची ऊब होते. शिवाय ही पावडर लेपात कालवून अशा यंत्रांना लावायची जी आधीच तापलेली असतात. म्हणजे लाटही गिळायची आणि उष्णतेनं स्वतः बिघडायचंही नाही, अशी दुहेरी कसोटी. साधी लोखंडी पावडर असल्या उष्णतेत गंजून जाते, मग ती लाट खात नाही.

म्हणून प्रत्येक कणावर एक कवच चढवायचं. पातळ आम्लात पावडर ठरावीक वेळ बुडवली की कवच धरायचं, आणि मग ती पाच वेळा शुद्ध पाण्यानं धुवायची, म्हणजे आम्लाचा अंश मागं राहायला नको. धुण्याचं काम माझं.

ज्या खोलीत हे चालायचं तिच्या दाराला चारी बाजूंनी रबर होतं. पंखा नाही, खिडकी नाही. इतकी बारीक धातूची पावडर हवेत उडाली तर पेट घेते, म्हणून वारा आत येऊ द्यायचा नाही. ताजी पावडर वाळवायची पेटी तर एकदम उघडायचीही सोय नव्हती. हवा हळूहळू आत सोडायची, डायलवर नजर ठेवायची, आणि दारावरचा लाल दिवा विझेपर्यंत आतल्या माणसानं बाहेर यायचं नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही. तीन-तीन तास मी एकटी तिथं बसायची, तोंडावर कापड, हातात बांगडी नाही, केसाला साधी पिनसुद्धा नाही. उन्हाळ्यात पत्रा तापला की आतला वास आंबट व्हायचा. लाल दिव्याकडं बघताबघता मला वाटायचं, बाहेर सगळे निघून गेले असतील आणि आपण आत आहोत हे कुणाच्या लक्षातच नसेल. मग दिवा विझायचा, बाहेर आल्यावर माझ्या अंगावरून चुंबक फिरवायचे, आणि चुंबकाला काळी दाढी फुटायची. गिरणीवाला म्हणायचा, "रोज एवढी चोरून नेतीस व्हय गं?" मी हसायची, पण ओशाळून. चोरी हा शब्द थट्टेतही मला लागायचा.

आता पाण्याचं सांगते.

शुद्ध पाणी बंद कॅनमधून यायचं, शहरातून, मालाच्या गाडीबरोबर. आमच्या बोअरचं पाणी त्या कामाला चालत नव्हतं, आणि तसंही ते चहापुरतंच येत होतं. धुताना पावडर प्लॅस्टिकच्या टबात घ्यायची, पाणी ओतायचं, ढवळायचं, मग टबाच्या बुडाला खालून मोठं चुंबक धरायचं. पावडर तळाशी घट्ट बसायची आणि वरचं पाणी ओतून देता यायचं. पहिलं पाणी गढूळ असायचं. दुसरं, तिसरं राखाडी. चौथ्यात जरा झाक असायची. पाचवं पाणी निवळशंख असायचं. मी ते टबातून उन्हात नेऊन बघितलं होतं. त्यात माझा चेहरा दिसायचा.

आणि हे पाणी मोरीत ओतायचं.

पहिल्या आठवड्यात मी ओतलं. डोळे दुसरीकडं करून ओतलं. माझ्या घरी पाण्याला क्रम होता. धान्य धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची, ते पाणी म्हशीपुढं ठेवायचं. अंघोळ बाजेवर बसून करायची, खाली घमेलं ठेवायचं, त्या घमेल्यातल्या पाण्यात कपडे भिजवायचे, आणि कपड्यांचं पाणी दारातल्या लिंबाला. एका पाण्याचे चार जन्म झाल्याशिवाय ते जमिनीवर पडायचं नाही. आई माझ्या हातून तांब्या कलंडला की मारायची नाही, नुसती बघायची. ते बघणं माझ्या हातात बसलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात हात धजेना. रिकाम्या झालेल्या कॅनमध्ये मी पाचवं पाणी भरून दाराआड ठेवलं. एका वेळच्या मालाला आम्ही घाणा म्हणायचो. पुढच्या घाण्याला चौथं आणि पाचवं धुणं मी त्या साठवलेल्या पाण्यानं केलं, आणि वरचं निवळ पाणी पुन्हा कॅनमध्ये. भिंतीवर कंपनीचा कागद चिकटवलेला होता. त्यावर लिहिलं होतं, पाच वेळा शुद्ध पाण्यानं धुणे. मी धूत होते पाच वेळा. पाणी दिसायला शुद्धच होतं. धुतलेल्या पाण्याचं काय करायचं हे कागदावर नव्हतं.

त्या घाण्याला काही झालं नाही. त्याच्या पुढच्याला पण नाही. माझा धीर वाढला. महिनाअखेरीला साहेबांनी कॅन मोजले आणि चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाले की ही पोरगी पाणी फार पुरवून वापरते, हिच्याकडून शिका. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं. तिनं बापाला सांगितलं. कौतुकाचा तो एकच दिवस, आणि पुढं तोच मला सगळ्यात जड गेला.

कारण पाचव्या घाण्यात वजन वाढलं.

हे जरा समजावून सांगायला पाहिजे. पावडर उष्णता सोसते की नाही हे बघायची रीत अशी होती. बोटाएवढ्या चिनीमातीच्या होडीत थोडी पावडर घ्यायची, मामांनी ती तोलायची, सकाळी भट्टीत ठेवायची, संध्याकाळी काढून निववायची आणि पुन्हा तोलायची. वजन तेवढंच राहिलं तर माल पास. वाढलं तर नापास. मला पहिल्यांदा हे उलटं वाटलं होतं. चुलीतलं लाकूड जळालं की राख हलकी होते, हे मी जन्मभर बघितलेलं. मामांनी समजावलं की लोखंडाचं तसं नसतं. ते तापलं की हवेतलं काहीतरी धरून ठेवतं, गंजतं, आणि जड होतं. "लाकूड जळून सुटतं," ते म्हणाले, "लोखंड जळून अडकतं."

सहावा घाणाही नापास झाला. सातवा त्याहून जास्त. पावडर तीच, गिरणी तीच, भट्टी तीच. साहेबांनी कंपनीला कळवलं, कंपनीनं विचारलं तुमचा काटा तपासला का? मामांनी काटा पुन्हा समतल केला, पितळी वजनं ठेवून सगळ्यांसमोर दाखवला. काटा बरोबर होता. मग बोलणं काट्यावरून हातावर आलं. गिरणीवाला एकदा सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मामा, तिकडं कमी दाखवायचे, इकडं वाढवून दाखवताय. सवय हाय, जाणार कशी बे?" सगळे हसले. वयानं एवढ्या मोठ्या माणसाला बे म्हणणं मला कसंतरी वाटलं, पण मीही जमिनीकडं बघत ओठ ताणले. मामांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

बदललेली गोष्ट एकच होती आणि ती मला एकटीला ठाऊक होती.

हे मी त्या वेळी इतकं स्पष्ट स्वतःला म्हटलं नाही. मी म्हणायची, पाणी तर स्वच्छ दिसतंय. मी म्हणायची, पहिल्या दोन घाण्यांना कुठं काय झालं? लाल दिव्याखाली तीन तास बसून मी स्वतःशी वकिली करायची आणि दिवा विझायच्या वेळेला खटला हरलेली असायची. साठवलेलं पाणी ओतून टाकावं आणि गप्प नव्यानं सुरू करावं, असं एकदा मनात आलं. पण मग कॅन एकदम लवकर संपले असते, आणि साहेबांनी विचारलं असतं की परवापर्यंत पुरवत होतीस, आता काय झालं? कौतुकानं माझं ते दारही लावून घेतलं होतं. त्यातच घरून फोन आला की पाहुणे परत येऊन गेले. बापानं त्यांना सांगितलं, पोरगी कामावर आहे. आई हळूच म्हणाली, "काम नीट चाललंय नव्हं?" मी म्हटलं, चाललंय.

त्याच आठवड्यात साहेब मामांना म्हणाले की संचालकांपुढं विषय ठेवावा लागेल, काट्यावर दुसरा माणूस बसवून बघू.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला सगळे बाहेर लिंबाखाली बसले तेव्हा मामांनी मला काट्याच्या खोलीत बोलावलं. ती खोलीही बंदच. दार लावलं की बाहेरचा आवाज थांबायचा. टेबलावर काचेच्या दोन पट्ट्या होत्या. एकीवर वाळलेल्या थेंबाची जागा, पण तिथं काहीच नव्हतं. दुसरीवर एक पांढरं कडं होतं, बोअरच्या पाण्यानं बादलीला धरतं तसं.

"ही बंद कॅनमधली," त्यांनी पहिलीवर बोट ठेवलं. "आन् ही दाराआडच्या कॅनमधली. पाणी उडून गेलं, कडं राहिलं. कुणाचं पाणी हाय ते?"

खोटं बोलायलाही तोंडात थुंकी लागते, ती नव्हती.

"टाकायला हात धजला न्हाई ना पोरी?"

मग मी रडले. आवाज न करता, कारण काटा समोर होता आणि आकडा हलत होता. त्यांनी तो बंद केला. मी सगळं सांगितलं, पहिल्या कॅनपासून. दर घाण्याला तेच पाणी फिरत राहिलं आणि दर वेळी त्यात थोडं आम्ल, थोडा क्षार साठत गेला, हे त्यांनीच मला समजावलं. त्यानं कवच सच्छिद्र होत होतं आणि भट्टीत लोखंड उघडं पडत होतं. दिसत नव्हतं इतकंच.

मी म्हटलं, मी आत्ता साहेबांना सांगते.

"सांग की. मंग काय हुईल?"

"घरी पाठवतील."

"घरी काय हाय?"

मी कोयत्याचं सांगितलं. त्यांनी आयुष्यभर खिडकीतून त्या जोड्या बघितल्या होत्या, उसाच्या गाडीवर वर बसून येणाऱ्या बायका, मांडीवर पोर, अंगावर पाचोळा. मग म्हणाले, "माझं घर इथून दोन कोसावर हाय. मला घरी पाठिवलं तर मी जेवायच्या टायमाला पोचतो." मला वाटलं, रडणं थांबवायला थट्टा करताहेत. मी हसलेही.

आधी पुरावा करू, असं ते म्हणाले. सातव्या घाण्याच्या वेळी नमुना म्हणून थोडी पावडर आम्लातून काढून न धुता ठेवलेली होती. तिचे दोन भाग केले. एक बंद कॅनच्या पाण्यानं पाच वेळा धुतला, पाणी ओतून दिलं. दुसरा माझ्या पाण्यानं. मोरीत पाणी पडताना मी बघितलं, या वेळी डोळे फिरवले नाहीत. दोन होड्या सकाळी भट्टीत गेल्या. संध्याकाळी मामांनी त्या निववून मला तोलायला लावल्या. पहिलीचा आकडा जसाच्या तसा. दुसरीचा चढलेला. माझ्याच हातांनी मी माझ्याविरुद्ध साक्ष दिली, असं मला वाटलं, पण छातीवरचं काहीतरी थोडं सरकलंही.

साहेबांच्या टेबलाशी आम्ही दोघं गेलो. गिरणीवाला काहीतरी निमित्त काढून दारात उभा. मी वाटेत काय बोलायचं ते पाठ केलं होतं. साहेब, चूक माझी. पुढचंही होतं. मामांनी काचेच्या पट्ट्या ठेवल्या, दोन आकडे ठेवले, तेच पाणी कसं फिरत राहिलं ते सांगितलं. साहेबांना लगेच कळलं, ते केमिस्टच. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी तोंड उघडलं.

शब्द फुटायच्या आधी मामा बोलले. "पाचवं पाणी फेकू नको, साठवून वापर, असं हिला मीच सांगितलंतं, साहेब. म्हाताऱ्याची अक्कल. साखर कारखान्यात पाणी फिरवूनच वापरायचो आपण."

साहेबांनी मला विचारलं, "खरं आहे का गं हे?"

आता मला जेवढं आयुष्य मिळेल तेवढं मी त्या क्षणाशेजारी बसून काढणार आहे. माझ्यापाशी पाठ केलेली वाक्यं होती. दार उघडं होतं, लाल दिवा नव्हता, कुणी अडवलं नव्हतं. मला पाहुणे दिसले. मोळी उचलती का, विचारणारे. मी मान हलवली. हो.

मामांनी माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी बोलले असते. मला वाटतं म्हणूनच बघितलं नाही.

साहेबांनी भिंतीवरच्या कागदाखाली पेनानं एक ओळ वाढवली: धुतलेलं पाणी लगेच टाकून द्यावं, पुन्हा वापरू नये. आमच्या भागात ही ओळ लिहूनच सांगावी लागते हे शहरातल्या माणसाला सुचलं नसतं, असंही ते म्हणाले, थोडं हसून. पण संचालकांना काहीतरी सांगणं भाग होतं. तीन घाणे गेले होते. मामांनी काट्यावरून उठावं आणि घरी बसावं असं ठरलं, आणि सातवी झालेली, दशांश येणारी म्हणून काट्यावर मला बसवलं.

जायच्या दिवशी मामांनी काटा माझ्या हाती सोपवला. काचेचं दार कसं लावायचं, आकडा थांबेपर्यंत हात मांडीवर कसे ठेवायचे, सगळं दाखवलं. म्हणाले, "काट्याला घाई कळती. आपण भ्यालेलो असलो ना, तेबी कळतं." मग डबा उचलून घाटाकडं चालत गेले.

आणि नंतर जे झालं ते कुणी ठरवून केलं नव्हतं. पुढचा घाणा नव्या पाण्यानं धुतला. वजन एक कणही वाढलं नाही. त्याच्या पुढचाही पास. गिरणीवाल्याला आणि बाकीच्यांना दिसलं ते इतकंच की काटेवाला गेला आणि वजन बरोबर आलं. पाण्याची गोष्ट दारात उभ्या असलेल्या गिरणीवाल्यानं ऐकली होती, पण त्याला जी गोष्ट आवडायची ती दुसरी होती आणि तीच त्यानं तेलगावच्या बाजारात सांगितली. चहाच्या टपरीवर मी माझ्या कानांनी ऐकलं: "माणूस बदलला, काटा सुधारला." माझ्या हातात कप होता. तो मी पूर्ण प्याले आणि विसळून ठेवला.

दीड वर्षानं कंपनीनं आमचे आकडे बघून मला त्यांच्या मुख्य कारखान्यात बोलावलं. बापानं काही म्हटलं नाही, तोवर त्या टोळीतल्या मुलाची जोडी दुसरीकडं जमली होती. इथं चोवीस तास पाणी आहे. तरी मी अंघोळीला घमेल्यात उभी राहते, आणि ते पाणी जिन्यातल्या कुंड्यांना घालते. शेजारीण हसते. रात्री मी दाराची कडी दोनदा बघते. होडी भट्टीतून निघाली की आकडा थांबेपर्यंत मी हात मांडीवर ठेवून बसते, आणि तो थांबला, चढला नाही, की मी हात जोडते. शेजारच्या मशीनवरच्या मुली समजतात मी देवाला जोडते.

मामांना मी सणासुदीला फोन करते. माफी मागायला लागले की ते विषय बदलतात. मागच्या वेळी विचारलं, "तिकडं पाणी हाय का?" मी म्हटलं, हाय मामा, लई. "मंग पाचवं पाणी सुखानं फेकत जा," म्हणाले आणि फोन ठेवला. ते संस्थेचे सभासद अजून आहेत. दरवर्षी सर्वसाधारण सभेला जातात, मागच्या रांगेत बसतात आणि अहवाल वाचून झाला की कुणाशी न बोलता उठतात, असं मावशीकडून कळतं.

मामा, साहेबांना पत्र लिहून हे उरकता आलं असतं, पण मी मान माणसांसमोर हलवली होती, दारात माणूस उभा असताना. म्हणून पत्र नाही. रजा मिळेल त्या वर्षी मी सभेला येईन. तीन एसट्या असोत की चार. तुमच्या शेजारी मागं बसणार नाही, पुढं जाऊन उभी राहीन, गिरणीवाल्याकडं बघून सांगेन की पाणी मी साठवलं होतं, मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि काटा पहिल्या दिवसापासून बरोबर होता. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडं बघा.